कमाल भाराची कसोटी केव्हा घ्यावी?

भारोत्तोलनास नव्याने आरंभ करणाऱ्या तरुणाच्या मनात एक प्रश्न सदैव घोळत असतो : ‘आज मी जास्तीत जास्त किती भार उचलू शकेन?’ ही जिज्ञासा स्वाभाविक होय. परंतु लावलेले रोप रुजले की नाही हे पाहण्यासाठी जो ते रोज उपटून पाहतो, त्याच्या वाफ्यात काहीच वाढत नाही. शक्ती वाढविणे आणि शक्ती मोजणे या दोन क्रिया भिन्न आहेत, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे.

आजच्या स्पर्धांत भार उचलण्याचे दोन प्रकार असतात. ‘स्नॅच’मध्ये भार जमिनीवरून एकाच सलग क्रियेने डोक्यावर नेतात, ‘क्लीन अँड जर्क’मध्ये तो आधी खांद्यांवर घेऊन मग डोक्यावर उचलतात. ‘प्रेस’ हा तिसरा प्रकार १९७२ नंतर वगळण्यात आला. प्रत्येक प्रकारात तीन संधी मिळतात आणि दोहोंतील सर्वोत्तम भारांची बेरीज ही स्पर्धकाची एकूण कामगिरी ठरते.

आता शक्ती कशी वाढते ते पाहू. आरंभी मज्जासंस्था एकाच वेळी अधिक स्नायुतंतूंना कामास लावण्यास शिकते. पुढे काही आठवड्यांनी व महिन्यांनी तंतू जाड होतात. स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा त्याहूनही मंद गतीने बळकट होतात. हे बदल घडून येतात ते मुख्यत्वे कमाल भाराच्या सुमारे ७० ते ९० टक्के भार शुद्ध पद्धतीने पुनःपुन्हा उचलल्याने. कमाल भाराच्या प्रयत्नात मात्र उचल एकदाच होते, थकवा पुष्कळ येतो, पद्धत बिघडण्याचा संभव असतो आणि पुढील काही दिवसांचा सराव उणावतो.

शिवाय मोजमापाचीही एक अडचण आहे. समजा, एखाद्याची कमाल मर्यादा १०० किलो आहे आणि ती महिन्याला १ किलोने वाढत आहे. झोप, आहार व थकवा यांमुळे त्याची रोजची शक्ती २-३ किलोंनी खालीवर होत असेल, तर दर आठवड्याच्या कसोटीतून त्यास प्रगती दिसणारच नाही. दिसेल तो केवळ चढउतार. त्यावरून निराश होणे किंवा हुरळून जाणे हे दोन्ही व्यर्थ होय.

यावर कोणी बल्गेरियाचे उदाहरण देईल. इव्हान अबाजिएव्ह या प्रशिक्षकांचे खेळाडू जवळजवळ रोज कमाल भारापर्यंत जात, आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये त्या देशाने भारोत्तोलनात तीन सुवर्णपदके मिळविली. परंतु ते निवडक, पूर्णवेळ खेळाडू होते. तसेच १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये दोन बल्गेरियन विजेते उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीत दोषी आढळले व संघाने माघार घेतली, हेही विसरता येत नाही. शाळकरी वा नोकरदार व्यायामपटूने ती पद्धत अनुसरणे हितावह नाही.

मग स्पर्धाच टाळाव्यात काय? मुळीच नाही. पंचांसमोर, ठरल्या वेळी, मोजक्या संधींत भार उचलणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मीराबाई चानू यांचे क्लीन अँड जर्कचे तिन्ही प्रयत्न फसले व त्यांची एकूण कामगिरी नोंदलीच गेली नाही. त्याच मीराबाईंनी २०२१ मध्ये टोकियो येथे २०२ किलो भार उचलून रौप्यपदक मिळविले. दुसरीकडे, २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगर यांना १३९ किलोंच्या प्रयत्नात कोपरास दुखापत झाली आणि अवघ्या एका किलोने त्यांचे सुवर्णपदक हुकले. कमाल प्रयत्नाचे मोल किती असू शकते, हे यावरून कळते. ते मोल योग्य प्रसंगीच द्यावे.

सर्वसाधारण व्यायामपटूस पुढील प्रमाण उपयुक्त ठरेल. पहिल्या वर्षी कमाल भाराची कसोटी घेऊ नये. पद्धत शुद्ध करावी, आणि स्पर्धेत उतरल्यास सहज पेलेल असाच भार मागावा. वाढत्या वयाच्या मुलामुलींनी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली हलका भारच वापरावा. पुढे दर दोन-तीन महिन्यांनी एक कसोटी पुरेशी आहे. वर्षातून तीन-चार स्पर्धा असाव्यात. त्यांपैकी एक-दोनच मुख्य मानून बाकीच्या अनुभवासाठी लढवाव्यात. मुख्य स्पर्धेपूर्वी एक-दोन आठवडे सरावातील उचलींची संख्या कमी करावी, म्हणजे साचलेला थकवा ओसरून खरी शक्ती प्रकट होते. मधल्या काळात ८५ ते ९० टक्के भार पूर्वीपेक्षा वेगाने व सफाईने उचलला जाऊ लागला, तर प्रगती होत आहे असे खुशाल समजावे.

तात्पर्य, कसोटी ही सरावाची जागा घेऊ शकत नाही. शक्ती साठते ती रोजच्या संयमी सरावात. कसोटीच्या दिवशी तिची केवळ मोजदाद होते.