एकतर्फी ओढ : नातं ओपन लूप की क्लोज्ड लूप?

'आजचं युग हे मोबाईलचं युग आहे' हे वाक्य शाळेपासून आपण प्रत्येक निबंधात लिहीत आलो आहोत. पण या मोबाईलने माणसाच्या मनाचं नेमकं काय केलं, हा प्रश्न मात्र कुठल्याच पेपरात येत नाही. सिलॅबसच्या बाहेरचा आहे ना! म्हणूनच मित्र-मैत्रिणींनो, हा लेख.

सुरुवात एका उदाहरणाने करू. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी सचिन तेंडुलकरने वानखेडेवर शेवटची टेस्ट संपवली, भाषण केलं, पिचला नमस्कार केला आणि तो बाहेर पडला. त्या दिवशी स्टेडियममध्ये आणि घराघरांत टीव्हीसमोर चांगली मोठी माणसं रडली. आता विचार करा. यातल्या बहुतेकांना सचिन कधी भेटला नव्हता. त्यांची नावंसुद्धा त्याला माहीत नव्हती. मग घरातलं माणूस लांब निघाल्यासारखं का वाटलं?

शब्द कुठून आला?

या प्रश्नाचं उत्तर शोधणारा पहिला महत्त्वाचा लेख १९५६ साली अमेरिकेत छापून आला. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल हे त्याचे लेखक. टीव्ही तेव्हा नवीन होता. निवेदक कॅमेऱ्यात बघून बोलतो, 'तुम्ही' म्हणतो, मधे थांबतो, जणू काही आपण उत्तर देणार आहोत! रोज ठरलेल्या वेळी येतो. हळूहळू प्रेक्षकाला वाटायला लागतं की आपण याला चांगलं ओळखतो. या प्रकाराला त्यांनी 'पॅरासोशल' असं नाव दिलं. जवळजवळ सत्तर वर्षांनी, २०२५ साली, केंब्रिज डिक्शनरीने हाच शब्द 'वर्षाचा शब्द' म्हणून निवडला.

याला मराठीत काय म्हणायचं, असा प्रश्न मला पडला. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे असे प्रश्न मला फार पडतात. शेवटी आईला फोन केला. ती म्हणाली, "एकतर्फी ओढ म्हण की, त्यात काय एवढं!" तर तोच शब्द इथे वापरला आहे.

मन असं का फसतं?

खरं सांगायचं तर मन फसत नाही, ते आपलं नेहमीचंच काम करतं. माणसाचा मेंदू हजारो वर्षं समोरासमोरच्या माणसांवर घडला. रोज दिसणारा चेहरा, ओळखीचा आवाज, डोळ्यांत बघून बोलणं, म्हणजे हा आपला माणूस, एवढंच त्याला ठाऊक. स्क्रीन मधे आली म्हणून हा हिशोब बदलत नाही. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली दाखवून दिलं की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आवडायला लागते. मग रोज रात्री जेवताना ज्याचा व्हिडिओ आपण लावतो, तो आपला वाटणारच!

आणि समोर माणूसच हवा असंही नाही. १९६६ साली एमआयटीच्या जोसेफ वायझेनबॉम यांनी 'एलायझा' नावाचा एक साधा प्रोग्रॅम लिहिला. तुम्ही टाईप केलेलं वाक्य थोडं फिरवून तो प्रश्न म्हणून परत विचारायचा, बस्स. हा प्रोग्रॅम तयार होताना त्यांच्या सेक्रेटरीने स्वतः पाहिला होता. तरीही त्याच्याशी बोलायला बसल्यावर तिने वायझेनबॉम यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. खासगी बोलायचं होतं! आजचे एआय चॅटबॉट त्यापेक्षा किती पुढे गेलेत, हे आपल्या कॉलेजमध्ये सांगायला नको.

हे वाईट आहे का?

नाही. निदान सगळं नाही. जे डेरिक, शिरा गेब्रिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचा आत्मविश्वास कमी आहे अशा मुलांना, आपल्या आवडत्या सेलिब्रिटीबद्दल लिहिल्यावर, आपण 'जसं व्हायला हवं' त्याच्या जरा जवळ गेल्यासारखं वाटलं. कारण सरळ आहे. इथे नकाराची भीती नसते. सचिन काही तुम्हाला 'तू माझ्या ग्रुपमध्ये नकोस' असं म्हणणार नाही.

मग रेषा कुठे आखायची? लिन मॅककचन आणि सहकाऱ्यांनी २००२ साली यासाठी एक मोजपट्टी बनवली. तिच्यात तीन पायऱ्या आहेत. पहिली, मजेची : मॅच बघायची, मित्रांबरोबर चर्चा करायची, भांडायचं. दुसरी, तीव्र : दिवसभर त्याचाच विचार, 'तो फक्त मलाच कळतो' ही भावना. तिसरी, धोक्याची : त्याने सांगितलं तर बेकायदेशीर कामही करीन, इथपर्यंत. आपल्यापैकी बहुतेक जण पहिल्या पायरीवर असतो. लक्षात ठेवायची गोष्ट ही की पहिल्या पायरीवर माणूस मित्रांबरोबर असतो, आणि दुसरीवर एकटा.

ऑनलाईन ओळखीचं काय?

आता इथे कोणी म्हणेल, "मी कुठल्या हिरोईनवर मरत नाही. माझी ऑनलाईन मैत्रीण मला रिप्लाय देते." बरोबर! हा फरक मोठा आहे, आणि तो समजायला आपल्याला कंट्रोल सिस्टिम्सचा विषय उपयोगी पडतो.

बादलीत हीटर रॉड टाकला की तो पाणी तापवत राहतो. पाणी उकळलं का, बादली रिकामी झाली का, त्याला काही कळत नाही. हा ओपन लूप. (रेक्टर सर, रॉड हे केवळ पुस्तकातलं उदाहरण आहे!) गीझरमध्ये थर्मोस्टॅट असतो. पाणी तापलं की तो बंद होतो. हा क्लोज्ड लूप. सेलिब्रिटीवरची ओढ हा ओपन लूप आहे. आपण प्रेम, वेळ, रात्रीची झोप, सगळं ओततो. समोरून आपल्यासाठी म्हणून काहीच येत नाही. मैत्री हा क्लोज्ड लूप आहे. आपण चुकलो की समोरचा सांगतो, आपण दुःखी असलो की त्याचं वागणं बदलतं.

त्यामुळे ऑनलाईन मैत्री खोटी असते असं मी म्हणणार नाही. आर्थर ॲरन यांच्या १९९७ च्या प्रयोगात अनोळखी माणसांच्या जोड्यांनी आळीपाळीने एकमेकांना हळूहळू जास्त खासगी प्रश्न विचारले, आणि तासाभरात त्यांच्यात जवळीक वाटू लागली. आळीपाळीने हा शब्द महत्त्वाचा. चॅटवरही हे होऊ शकतं. उलट कधीकधी जास्तच होतं. जोसेफ वॉल्थर यांनी १९९६ मध्ये याचं कारण मांडलं. लिहिणारा विचार करून, खोडून, आपला चांगला भाग तेवढाच पाठवतो. वाचणारा उरलेल्या रिकाम्या जागा आपल्या मनासारख्या भरतो. म्हणजे अर्धा माणूस समोरचा, अर्धा आपणच बनवलेला!

आणि इथेच खरा धोका आहे, कारण फीडबॅक खोटाही असू शकतो. मॅन्टाय टेओ हा अमेरिकेतल्या नोत्र दाम युनिव्हर्सिटीचा नावाजलेला फुटबॉल खेळाडू. तेव्हा वय २१, म्हणजे आपल्याच वयाचा. त्याची मैत्रीण त्याला फक्त ऑनलाईन आणि फोनवर भेटायची. सप्टेंबर २०१२ मध्ये ती ल्युकेमियाने गेली असं त्याला कळलं. देशभर बातम्या झाल्या, लोक हळहळले. जानेवारी २०१३ मध्ये उघड झालं की अशी मुलगी कधी अस्तित्वातच नव्हती. फोटो एकीचे, आवाज आणि मेसेज भलत्याच कोणाचे. मग तेच लोक त्याच्यावर जोक करायला लागले. पण त्याने केलेला शोक खोटा होता का? मुलगी नव्हती, दुःख मात्र शंभर टक्के खरं होतं.

हॉस्टेलचा भाग

मला जे सांगायचं आहे ते इथे आहे. कुठल्याही हॉस्टेलमध्ये दिसणारं चित्र घ्या. फर्स्ट इयरचा एक मुलगा. गाव लांब, इंग्लिश कच्चं, पहिल्या सेमला केटी. रात्री कोणाशी तरी चॅट करतो. विंगला कळतं आणि सुरू होतं, "काय रे, वहिनीचा मेसेज आला का?" दोन दिवस तोही हसतो. तिसऱ्या दिवसापासून तो सांगणं बंद करतो. मेसला एकटा येतो. आता बघा काय झालं. त्याच्या आयुष्यातले जे चालू क्लोज्ड लूप होते, ते चेष्टेने तोडले आणि जो संशयास्पद होता तेवढाच उरला. उद्या 'तिने' आई आजारी आहे म्हणून फीचे पैसे मागितले, तर "थांब, आधी व्हिडिओ कॉल कर म्हणावं" असं सांगायला त्याच्याजवळ एकही माणूस नसेल. ठगाला हेच तर हवं असतं.

म्हणून स्वतःसाठी चार प्रश्न :

१. मी नसलो/नसले तर समोरच्याला फरक पडेल का?
२. त्याने मला कधी 'तू चुकतोस' असं म्हटलंय का, की नुसती स्तुतीच?
३. भेटायचं किंवा व्हिडिओ कॉलचं नाव काढलं की दर वेळी अडचण येते का?
४. ही गोष्ट मी रूम पार्टनरला सांगू शकतो/शकते का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर जरा थांबा. आणि रूम पार्टनर लोकहो, त्याचं उत्तर 'हो' यावं ही तुमची जबाबदारी आहे.

पैसे गेलेच असतील तर लाजू नका. १९३० या सायबर हेल्पलाईनवर लगेच फोन करा. जितका लवकर, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. मन खचलं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो आणि फुकट आहे. रेक्टर सर-मॅडम आणि शिक्षकांना एकच विनंती. एखादा मुलगा हे सांगायला आला, तर पहिला प्रश्न 'मोबाईल किती तास वापरतोस?' हा नसावा. 'जेवलास का?' हा असावा. मोबाईलचं नंतर बघू.

सचिनसाठी खुशाल रडा, आवडत्या हिरोचा पिक्चर फर्स्ट डे फर्स्ट शो बघा. फक्त शेजारच्या सीटवर कोणाला तरी घेऊन जा. जो तीन आठवडे मेसला एकटाच बसतोय, त्याला घेऊन गेलात तर फारच उत्तम!