डॉब्सनफ्लाय व फिशफ्लाय : डोंगरी ओढ्यांचे दीर्घकालीन साक्षीदार

हिमालयाच्या व ईशान्य भारताच्या डोंगराळ भागात, वाहत्या ओढ्यालगतच्या गावांतून रात्री दिव्यावर कधीकधी एक मोठा कीटक येऊन बसतो. लांब पारदर्शक पंख, चपटे डोके आणि ठळक जबडे असे त्याचे रूप पाहून ही पिकावरील नवी कीड असावी, अशी शंका साहजिकच येते. परंतु हा कीटक पीक खात नाही व त्यासाठी फवारणीचीही आवश्यकता नसते. उलट, त्याच्या अळ्यांवरून शेजारच्या ओढ्याच्या आरोग्याविषयी महत्त्वाची माहिती मिळते. ती मिळवण्यासाठी या कीटकांची अचूक ओळख हवी. मराठीत यांना सर्वमान्य नाव नसल्याने प्रस्तुत लेखात प्रचलित इंग्रजी नावेच वापरली आहेत.

वर्गीकरण

हे कीटक मेगॅलोप्टेरा या गणात मोडतात. कापूस व भाजीपाला पिकांत मावा खाणारा क्रायसोपा हा आपल्या परिचयाचा मित्रकीटक ज्या न्यूरोप्टेरा गणातील आहे, तो गण यांचा निकटचा आप्त होय. मेगॅलोप्टेरा गणात जगभरात सुमारे ४०० जाती ज्ञात असून त्यांची दोन कुले आहेत : कोरिडॅलिडी व सायलिडी. कोरिडॅलिडी कुलाची पुन्हा दोन उपकुले पडतात. कोरिडॅलिनी उपकुलातील कीटकांना डॉब्सनफ्लाय, तर चॉलिओडिनी उपकुलातील कीटकांना फिशफ्लाय म्हणतात. सायलिडी कुलातील लहान कीटक अल्डरफ्लाय या नावाने ओळखले जातात.

भारतातील कोरिडॅलिडी कुलाच्या बहुतांश नोंदी हिमालय व ईशान्येकडील राज्यांतील आहेत. प्रोटोहर्मिस, निओन्यूरोमस व अकॅन्थाकोरिडॅलिस या डॉब्सनफ्लायच्या, तर निओचॉलिओडिस ही फिशफ्लायची प्रजाती होय. दक्षिण चीन व उत्तर व्हिएतनाममध्ये आढळणाऱ्या अकॅन्थाकोरिडॅलिस फ्रुहस्टॉर्फेराय या जातीच्या पंखांचा विस्तार २१ सेंटीमीटरपेक्षा अधिक नोंदवला गेला आहे. जलचर कीटकांत तो सर्वाधिक मानला जातो.

प्रौढांची लक्षणे

प्रौढ कीटक बसताना पंख उदरावर उतरत्या छपराप्रमाणे मिटतो. कोरिडॅलिडी कुलातील प्रौढांच्या डोक्यावर तीन साधे डोळे असतात. अल्डरफ्लायमध्ये ते नसतात. डॉब्सनफ्लायच्या शृंगिका बहुधा साध्या दोऱ्यासारख्या असतात, तर अनेक फिशफ्लायच्या शृंगिका करवतीच्या किंवा कंगव्याच्या दातांसारख्या दिसतात. अकॅन्थाकोरिडॅलिसच्या मोठ्या नरांचे जबडे अतिशय लांब असतात. प्रोटोहर्मिसच्या नरांत मात्र ते तसे वाढलेले नसतात. या कीटकांना नांगी नसते. चावा वेदनादायक असू शकतो, म्हणून हाताळताना काळजी घ्यावी.

जीवनक्रम

यांच्यात अंडी, अळी, कोष व प्रौढ अशा चारही अवस्था असतात. मादी पाण्यावर झुकलेल्या पानांवर, खडकांवर किंवा पुलाच्या खालच्या बाजूस अंड्यांचा पुंजका घालते. त्यात काहीशे ते हजाराहून अधिक अंडी असतात. अंड्यांतून बाहेर पडलेल्या अळ्या थेट पाण्यात पडतात व दगडांच्या फटींत राहून इतर जलचर कीटकांची शिकार करतात.

ही अवस्था दीर्घ असते. जपानमधील प्रोटोहर्मिस ग्रँडिस या जातीची अळी साधारणपणे २ ते ३ वर्षे पाण्यात वाढते. पूर्ण वाढलेली अळी पाणी सोडून काठावर येते आणि दगडाखाली किंवा ओलसर मातीत कप्पा करून कोषावस्थेत जाते. प्रौढाचे आयुष्य त्यामानाने फारच अल्प, काही दिवस ते काही आठवडे इतकेच असते.

अळीची ओळख

कोरिडॅलिडी कुलातील अळीच्या उदराच्या दोन्ही बाजूंस तंतूंच्या आठ जोड्या असतात आणि शेवटी पायांसारखे दोन अवयव असून प्रत्येकावर दोन आकडे असतात. अल्डरफ्लायच्या अळीस तंतूंच्या सात जोड्या व शेवटी एकच लांब तंतू असतो. डॉब्सनफ्लायच्या अळीत पहिल्या सात उदरखंडांवर, तंतूंच्या बुडाशी, कल्ल्यांचे झुपके असतात. फिशफ्लायच्या अळीत ते नसतात.

हा भेद केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. डॉब्सनफ्लायच्या अळ्या मुख्यतः खळाळत्या, प्राणवायूयुक्त पाण्यात राहतात. काही फिशफ्लाय मात्र संथ, पालापाचोळ्याच्या पाण्यातही तग धरतात. उत्तर अमेरिकेतील चॉलिओडिस प्रजातीची अळी तर श्वसननलिका पृष्ठभागाशी नेऊन हवा घेते. विल्यम हिल्सेनहॉफ यांच्या १९८८ च्या कुलनिहाय निर्देशांकात कोरिडॅलिडी कुलास सेंद्रिय प्रदूषण अजिबात न सोसणारे म्हणून ० गुण, तर सायलिडी कुलास ४ गुण आहेत. हा अंक वापरताना उपकुलांतील भेद विसरू नये.

शेतीशी संबंध

पाण्याचा रासायनिक नमुना त्या दिवसाची स्थिती सांगतो. एकाच ओढ्यात वेगवेगळ्या आकारांच्या डॉब्सनफ्लाय अळ्या सापडल्या, तर अनेक हंगाम तेथील पाणी त्यांना मानवले, असा अर्थ निघतो. याउलट, एखाद्या संध्याकाळी फवारणी पंप ओढ्यात धुतल्यास कित्येक वर्षांची ही वाढ एका दिवसात संपुष्टात येऊ शकते. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके जलचर कीटकांस अत्यल्प प्रमाणातही घातक ठरतात.

विस्तार कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टींवर भर द्यावा :

१. फवारणी पंप, डबे व बाटल्या ओढ्यात धुऊ नयेत. वाऱ्याची दिशा पाहून ओढ्यापासून अंतर राखून फवारणी करावी.

२. काठापर्यंत नांगरट करू नये. अंड्यांसाठी झुकती झुडपे व कोषासाठी काठावरील दगड आवश्यक असतात.

३. दगडाच्या वरच्या बाजूस पायाने तळ ढवळून खालच्या बाजूस जाळी धरावी. अळी डोक्यामागे धरावी, तंतू व कल्ले पाहून नोंद करावी आणि तिला त्याच जागी सोडावे.

४. असे निरीक्षण दरवर्षी त्याच ठिकाणी, त्याच ऋतूत करावे.

अळी न सापडल्यास पाणी दूषितच आहे, असा निष्कर्ष काढू नये. त्या भागात ही जात मुळात नसेल किंवा तळ गाळाचा असेल. मात्र पूर्वी नियमित सापडणारी अळी दिसेनाशी झाली, तर तो इशारा समजून वरच्या बाजूच्या शेतांतील फवारणीची विचारपूस अवश्य करावी.