भेंडाचा मुकुट

दागिना म्हटला कीं सोनें आलेंच, अशी आपली समजूत असते. परंतु बंगालमध्यें नवरदेवाच्या मस्तकावर शोभणारा ‘टोपोर’ हा उंच, निमुळता, शुभ्र मुकुट दलदलींत वाढणाऱ्या एका वनस्पतीपासून होतो. तिला तिकडे शोला म्हणतात. आपलें भेंड तें हेंच. बाशिंगें व मखरें करण्यास आपल्याकडेही तें वापरीत.

हें काम मालाकार करितात. कांडीची तपकिरी साल सोलली कीं आंत पांढरा, अतिशय हलका गाभा निघतो. कांडी हळूहळू फिरवीत धारदार सुरीनें त्याचा कागदासारखा पातळ, अखंड पापुद्रा काढावयाचा, हेंच खरें कसब होय. सुरी किंचित् खोल गेली कीं पापुद्रा फाटलाच! मग तो कातरून, दुमडून व गुंडाळून कळ्या, फुलें व जाळी करितात. (साहेबलोकांची सोला टोपीही ह्याच गाभ्याची असे, पण तिचें काम ऊन अडविण्याचें.)

पुढें थर्मोकोल स्वस्त मिळूं लागला आणि मालाकारांचा धंदा बसत चालला. थर्मोकोल कुजत नाहीं. म्हणून महाराष्ट्रांत २०१८ सालीं त्याच्या सजावटीवर बंदी आली. शिवाय त्याचा असा पापुद्रा निघत नाहीं, दाणे सुटतात. त्याचीं फुलें आम्हांस तरी ठोकळच वाटतात.