शेवटच्या उतारासाठी शिल्लक ठेव

परवा फोनवर तू म्हणालास, "आत्या, पन्नास किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीला नाव घातलंय," आणि मागे स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज वाढला. तुझ्या आईला मी समजावते. तू आता माझं ऐक. पैसे भरल्याची पावती हातात आली की अर्धी तयारी झाली असं वाटतं. तसं काही होत नाही. रविवारी डांबरी रस्त्यावर एकवीस किलोमीटर पळतोस, ते चांगलंच आहे, पण सह्याद्रीला त्याचं काही कौतुक नाही.

सिंहगड-राजगड-तोरणा ही तुझ्या शर्यतीची वाट मी पहिल्यांदा कॉलेजात असताना तीन दिवसांत चालले. पायात हंटर बूट, पाठीवर रॉकेलचा स्टोव्ह. मग छप्पन्नाव्या वर्षी तीच वाट एका दिवसात करायला निघाले. सिंहगडाच्या कल्याण दरवाजातून विंझरकडे उतरताना अशी काही सुटले की बरोबरची पोरं मागे पडली. फार बरं वाटलं. राजगड चढेपर्यंत मांड्यांचं लाकूड झालं होतं. तोरण्यावरून वेल्ह्याला उतरताना तर रेलिंग धरून, तोंड डोंगराकडे करून, रांगत्या पोरासारखी उलटी उतरले. सकाळी मागे टाकलेली पोरं एकेक करून पुढे जाताना विचारत होती, "काकू, पाणी हवंय का?"

चढ दम मागतो, उतार शिल्लक मागतो. त्या दिवशी एवढंच शिकले, पण पक्कं शिकले. म्हणून आता मी सगळा हिशेब वेल्ह्याच्या पायथ्यापासून मागे करत येते. तूही तसाच कर.

किलोमीटर सोड, तास मोज

रस्त्यावर तू किलोमीटरला सहा मिनिटं घेतोस. डोंगरात तो आकडा घरी ठेवून ये. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा ठोकताळा सांगितला होता: चालणाऱ्याने दर ५ किलोमीटरला एक तास धरावा आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे १२ किलोमीटर अंतर आणि ६०० मीटर चढ असेल तर जवळजवळ साडेतीन तास. हा हिशेब धडधाकट माणसाचा आणि बऱ्या वाटेचा. आपल्याकडे घसारा आहे, कातळ आहे, कारवीत हरवणारी वाट आहे, आणि दुपारचं ऊन आहे. तू थोडं पळशील, तो वेळ घसारा परत घेईल.

तेव्हा सरावाच्या वहीत किलोमीटरचा रकाना खोडून दोन रकाने पाड: किती तास पायांवर होतास, आणि किती मीटर चढलास-उतरलास. आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड एकदा चढला की सुमारे ६०० मीटर होतात. सुरुवातीला एक फेरी, मग दोन, मग तीन. दर आठवड्याला थोडंच वाढव, आणि तीन आठवडे वाढवलं की चौथ्याला कमी कर. शनिवारी लांब आणि रविवारी पुन्हा मध्यम असा जोड अधूनमधून घे. रविवारी थकल्या पायांनी चालायची जी सवय होते तीच राजगड-तोरण्यामधल्या डोंगरधारेवर कामाला येते. आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये कांदाभजी खायची नाहीत. शेवटची फेरी झाली की खा.

उतरायचा सराव वेगळा कर

सगळे चढायचा सराव करतात. उतरताना गप्पा मारत येतात आणि म्हणतात, सिंहगड झाला. अरे, मार बसतो तो उतारावर. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना त्याला ताणलं जात असतानाच शरीराचं वजन अडवून धरावं लागतं, आणि त्यात त्याचे बारीक धागे तुटतात. दुखणं लगेच कळत नाही. एक-दोन दिवसांनी जिना उतरताना कळतं. पण निसर्गाने एक सोयही ठेवली आहे: असा मार स्नायूने एकदा खाल्ला की पुढचे काही आठवडे तोच मार त्याला कमी लागतो. म्हणून जोरकस उताराचा शेवटचा सराव शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी कर. त्यानंतर पायांना फक्त हलतं ठेव.

घरी बैठका मार. तालमीत मारतात तशा भराभर नको. खाली जाताना चार आकडे मोज आणि झटकन वर ये. मग एका पायावर उभा राहून पायरीवरून दुसरा पाय हळूहळू खाली टेकव. आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटं. दिसायला काहीच नाही, पण राजगडावरून उतरताना आत्याची आठवण येईल.

आता उतरायचं कसं ते सांगते. भीती वाटली की माणूस मागे रेलतो आणि टाच रोवतो. तिथेच घसरतो. गुडघे किंचित वाकलेले, छाती पायांच्या वर, पावलं आखूड आणि भराभर, हात बाजूला मोकळे. नजर पायाशी नको, तीन-चार पावलं पुढे हवी. घसाऱ्यावर प्रत्येक पाऊल थोडं सरकणारच, ते सरकू दे. ते थांबायच्या आत पुढचं पडलं की तोल राहतो. वाळक्या गवताला धरू नकोस, ते हातात येतं. दगडाला धरताना आधी पलीकडे बघ. उन्हाला फुरसं बसलेलं असतं.

ताकवाल्या मावशींचा वेग

राजगडावर डोक्यावर ताकाचं मडकं घेऊन चढणाऱ्या एक मावशी होत्या. पुढे मी, मागे त्या, आणि अर्ध्या वाटेवर पुढे त्या आणि मागे मी. विचारलं, धाप कशी लागत नाही? म्हणाल्या, "चढताना लेकाच्या नावाने बोलत राहते. बोलणं तुटलं की पाय हळू करायचा." यापेक्षा चांगलं मोजमाप मला कुणी सांगितलेलं नाही. मनगटावरच्या घड्याळात नाडी बघायची तर बघ, पण खूण हीच: चढावर तुला सलग एक वाक्य बोलता आलं पाहिजे. नाही आलं तर तू उताराची शिल्लक मोडून खातो आहेस. खड्या चढावर चालण्यात कमीपणा नाही. पट्टीचे धावणारेही तिथे हात मांडीवर टेकून चालतातच. चालायला काठ्या घेणार असशील तर आत्तापासून घे. त्या उघडायच्या-मिटायच्या कशा हे धारेवर शिकायचं नसतं.

पोटालाही तालीम लागते

भूक लागली की खाईन, हा विचार काढून टाक. भूक लागते तेव्हा उशीर झालेला असतो, आणि त्यानंतर पोट काही घेत नाही. पहिल्या तासापासून दर अर्ध्या तासाला थोडं खा. ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. एक मध्यम केळं म्हणजे पंचवीसेक ग्रॅम. बिया काढलेले चार-पाच खजूर, किंवा मीठ लावलेला एक उकडलेला बटाटा, साधारण तेवढंच. चिक्की, राजगिऱ्याची वडी, गूळ-पोळीची गुंडाळी, जे तुला रुचतं ते. सहा तासांनी गोड नकोसं होतं, तेव्हा बटाटा आणि खारे शेंगदाणे आठवतात.

पण हे सगळं सरावात खाऊन बघ. पळता पळता अन्न पचवायची सवय पोटाला हळूहळूच लागते. दुकानातली नवी जेल शर्यतीच्या सकाळी पहिल्यांदा तोंडात घातलीस तर पुढचा तास तू कारवीच्या आडोशाला काढशील. माझा हा अनुभव सविस्तर सांगत नाही.

पाण्याचंही तसंच. तहानेप्रमाणे पी. घाबरून लिटरच्या लिटर ढोसू नकोस. घामातून मीठ जातं आणि आपण वर नुसतं पाणी ओतत राहिलो की रक्तातलं मीठ पातळ होतं. बोटं सुजून अंगठी रुतायला लागली, डोकं दुखून मळमळायला लागलं, बोलण्यात घोळ व्हायला लागला, तर आणखी पाणी पाजणाऱ्याला थांबव आणि मदत माग. एका बाटलीत पाणी, दुसऱ्या बाटलीत ओआरएस. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. राजगड-तोरण्याच्या धारेवर भरवशाचं पाणी नाही, तेव्हा राजगड सोडताना बाटल्या भरलेल्या हव्यात.

आणि वेदनाशामक गोळी खिशात ठेवू नकोस. ठेवलीस की खाशील. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना तसल्या गोळ्या मूत्रपिंडावर येतात. लघवी काळसर, कोलासारखी झाली तर शर्यत तिथेच संपली असं समज आणि सरळ डॉक्टरकडे जा.

पाय, बूट, खोबरेल

बूट अर्धा नंबर मोठा घे, कारण दिवसभरात पाय सुजतात. तळाला खोल नक्षी हवी. शर्यतीच्या दिवशी तो बूट निदान तीन-चार गड उतरलेला असावा. नखं तीन-चार दिवस आधी काप, आदल्या रात्री नको. उतारावर बोटं पुढे आपटू नयेत म्हणून लेस सर्वांत वरच्या भोकांतून फिरवून घोट्याशी घट्ट बांध, पण पंजावर सैल ठेव. जांघेत, काखेत, सॅकचा पट्टा घासतो तिथे खोबरेल किंवा व्हॅसलीन. पायात कुठे चटका लागल्यासारखं झालं की त्याच क्षणी बसून पट्टी चिकटव. दोन मिनिटं जातील. फोड आल्यावर जे जातं ते मोजता येत नाही.

वाट आधी बघून ये

शर्यतीच्या आधी ही वाट तुकड्यांनी तरी चालून ये. राजगडाच्या संजीवनी माचीतून अळू दरवाजाने बाहेर पडून धारेवर कसं यायचं, तोरण्याच्या बुधला माचीकडे चढताना कुठे फसायला होतं, बिनी दरवाजाखालचा उतार कसा आहे, हे पायांना माहीत असलं की डोक्यावरचा भार हलका होतो. त्यातला एखादा टप्पा रात्री चाल. अंधारात दगडाची सावली खड्ड्यासारखी दिसते. डोक्याला एक बॅटरी आणि सॅकमध्ये दुसरी, सेलसकट. कात्रज ते सिंहगड रात्री कर, बरोबर माहितगार घेऊन. टेकडीमागून टेकडी येत राहते आणि संपतच नाही. मनाला वळण लावायला याहून बरी शाळा पुण्याजवळ नाही.

गडांच्या कड्यांवर आग्यामोहोळं असतात. अंगाला अत्तर फवारून जाऊ नकोस, आरडाओरडा नको. माश्या उठल्याच तर हात न झटकता, तोंड झाकून, लांब निघून जा.

आणि एक मोह आधीच सांगून ठेवते. राजगड-तोरण्याच्या मध्ये एका खिंडीत डांबरी रस्ता आडवा येतो. तिथे एखादी जीप उभी असते, ड्रायव्हर शांतपणे तंबाखू मळत असतो, आणि ती जीप तुला फार सुंदर दिसेल. तेव्हा स्वतःला तीन गोष्टी विचार: नीट बोलता येतंय का, खाल्लेलं पोटात राहतंय का, आणि पाय दुखतोय की पाऊलच टेकवत नाही? पाऊल टेकवत नसेल, किंवा पहिल्या दोहोंपैकी एकाचंही उत्तर 'नाही' असेल, तर निमूट जीपमध्ये बस. तोरणा कुठे जात नाही. नुसता कंटाळा असेल तर बटाटा खा, दहा मिनिटं चाल, मग ठरव.

शेवटी, वेल्ह्यात पोचल्यावर लगेच आडवा होऊ नकोस. कोरडे कपडे घाल, गरम काहीतरी खा. गाडी स्वतः चालवत घरी यायचं नाही, कितीही बरं वाटलं तरी. झोपेची डुलकी लागायला वळण पुरतं. शिल्लक वेल्ह्यात संपवायची नसते, घरच्या दारापर्यंत पुरवायची असते. तुझ्या आईला मी हाच शब्द दिला आहे.

मला मात्र त्या रात्री फोन करू नकोस. त्या रात्री सगळेच वाघ असतात. तिसऱ्या दिवशी कर, चाळीचा जिना सरळ तोंडाने उतरून झाल्यावर. तेव्हा कळेल, तू माझं किती ऐकलंस ते.