नाण्यावरील ठसा

कामशेतहून लोणावळ्याकडे जाताना उजव्या हातास कार्ल्याची लेणी लागतात. क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने तेथील भिक्षूंना एक गाव दान दिले, असे तेथे कोरलेले आहे. ‘क्षत्रप’ ही पदवी मूळची इराणची. सम्राट दरायसचे प्रांताधिकारी ती धारण करीत. दरायसने धनुर्धारी राजाची आकृती असलेली सोन्याची नाणी पाडली होती. नहपानानेही चांदीच्या नाण्यांवर आपली मुद्रा उमटविली. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने त्याचा पराभव केला. परंतु त्याची नाणी न वितळविता त्यांवरच आपला ठसा मारला. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे नहपानाची १३,००० हून अधिक नाणी सापडली. त्यांतील बहुतेकांवर सातकर्णीचा ठसा आहे. मुलांनो, राजा बदलला, ठसा बदलला; चांदी मात्र तीच राहिली!