घरबसल्या कीर्तनश्रवण : आवाज का तुटतो?

वार्धक्यामुळे ज्यांना देवळाच्या पायऱ्या चढवत नाहीत, त्यांना घरबसल्या कीर्तनश्रवणाची सोय इंटरनेटमुळे झाली आहे. परंतु निरूपण रंगात यावे आणि नेमका तेथेच आवाज तुटावा, अशी तक्रार अनेक कुटुंबांची असते. त्यावर सर्रास योजिला जाणारा उपाय म्हणजे अधिक वेगाची, अर्थात अधिक पैशांची जोडणी घेणे. आमच्या मते हा खर्च बहुधा व्यर्थ होय.

कारण असे की, आवाजाला वेग फार लागत नाही. उत्तम संगीतासही सेकंदास ३२० किलोबिट पुरतात. ५० मेगाबिटच्या जोडणीचा हा शंभरावा भागही नव्हे. आवाजास हवे असते ते सातत्य. ध्वनिमुद्रित कार्यक्रमाचा पुढील भाग यंत्र आधीच आणून ठेवू शकते. थेट प्रक्षेपणात पुढचा शब्द बुवांनी अद्याप उच्चारलेलाच नसतो! यास्तव साठा असतो तो काही सेकंदांचा; विलंब त्याहून वाढला की आवाज खंडित होतो.

तेव्हा विलंब कोठे होतो, हे आधी शोधावे. इतर घरांतही त्याच क्षणी आवाज तुटत असेल, तर दोष प्रक्षेपणस्थानी आहे. आपण घरात काहीही केले तरी उपयोग नाही. तसे नसल्यास संगणक लॅन केबलने राउटरला जोडून ऐकावे. आता आवाज अखंड आला, तर दोष वायफायचा समजावा.

वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात शेजारपाजारच्या राउटरांची गर्दी असते, आणि स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीही त्याच पट्ट्यात लुडबुड करते. तेथे एकमेकांवर न चढणारे मार्ग तीनच : १, ६ आणि ११. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा असतो, तथापि जुन्या वाड्याच्या जाड भिंतीपुढे तो लवकर हतबल होतो. राउटर लोखंडी कपाटामागे दडवणारी घरे आम्ही पाहिली आहेत. तो घराच्या मध्यभागी, उंचावर असावा. दूरच्या खोलीसाठी बिनतारी रिपीटर घेण्यापेक्षा केबल ओढून तेथे दुसरे वायफाय यंत्र बसवावे. अशी केबल १०० मीटरपर्यंत चालते.

केबलनेही आवाज तुटला, तर घरातील इतरांचे मोबाईल तपासावेत. एखादा मोबाईल लग्नाची शेकडो छायाचित्रे साठवणुकीस पाठवीत असेल, तर बाहेर जाणारी वाट भरून जाते. वरातीने रस्ता अडवला म्हणजे पोस्टमनची सायकलही मागे अडकते. तद्वत आवाज मिळाल्याची पोच अडकते व पुढचा आवाज थांबतो. काही राउटरांत ही रांग न्याय्य रीतीने चालविणारी 'एसक्यूएम' नावाची सोय असते. तीत मोजलेल्या वेगाच्या सुमारे ९० टक्के मर्यादा घालावी. वेग किंचित घटतो, पण रांग तुंबत नाही. नवीन राउटर घ्यावयाचाच झाला, तर दुकानदारास प्रथम हीच सोय विचारावी.

इतके करून वीजच गेली तर? राउटर आणि फायबरची पेटी या दोहोंसाठी छोटा यूपीएस घ्यावा; एकट्या राउटरला वीज असून भागत नाही.