हृदयशस्त्रक्रिया आणि शरीराचे तापमान

मनुष्याच्या शरीराचे तापमान साधारणपणे ३७ अंश सेल्सियस असते. या तापमानात मेंदूचा रक्तपुरवठा ४-५ मिनिटे खंडित झाला, तरी मेंदूस कायमची इजा पोहोचू शकते. हृदयातील दोष दूर करण्यासाठी मात्र रक्तप्रवाह थांबविणे भाग होते. या पेचातून एक मार्ग शल्यविशारदांना थंडाव्याने दाखविला.

तापमान एका अंशाने उतरले की शरीराची प्राणवायूची गरज सुमारे ६ ते ७ टक्क्यांनी घटते. टोरांटो येथील डॉ. विल्फ्रेड बिगेलो यांनी १९५० च्या सुमारास प्राण्यांवरील प्रयोगांतून या तत्त्वाची उपयुक्तता दाखवून दिली. २ सप्टेंबर १९५२ रोजी मिनेसोटा विद्यापीठात डॉ. जॉन लुईस यांनी ५ वर्षांच्या एका मुलीचे शरीर २८ अंशांपर्यंत थंड करून साडेपाच मिनिटांत हृदयाच्या पडद्यातील छिद्र बंद केले. मुलगी बरी झाली.

पुढे हृदय-फुफ्फुस यंत्र आले आणि बहुतेक शस्त्रक्रियांत रक्ताभिसरण थांबविण्याची गरज उरली नाही. तथापि, महारोहिणीची कमान बदलताना प्रश्न कायम राहतो. कारण मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या तेथूनच निघतात. अशा वेळी यंत्राच्या साहाय्याने रक्तच थंड केले जाते. तापमान २० अंशांखाली नेल्यास रक्ताभिसरण थांबवून सुमारे अर्धा तास काम करता येते. अलीकडे मेंदूस स्वतंत्रपणे रक्त पोहोचविता येत असल्याने अनेक ठिकाणी इतका तीव्र थंडावा टाळतात.

थंडावा मिनिटे मिळवून देतो, पण त्याची किंमतही घेतो. रक्त गोठण्याची क्रिया मंदावते व रक्तस्राव वाढतो. हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून नाक-घशातील व मूत्राशयातील तापमानावर सतत लक्ष ठेवले जाते. खरी कसोटी लागते ती शरीर पुन्हा उबदार करताना. घाई केल्यास मेंदूचे तापमान प्रमाणाबाहेर चढून, थंडाव्याने वाचविलेल्या मेंदूलाच अपाय होण्याचा धोका असतो. यासाठी यंत्रातून शरीरात जाणारे रक्त ३७ अंशांपेक्षा अधिक गरम होऊ देत नाहीत.

शस्त्रक्रियागृहाबाहेर ताटकळणाऱ्या आप्तेष्टांना टाके घालण्यापूर्वीचा हा वेळ फार दीर्घ वाटतो. परंतु तो दिरंगाईचा नसून उपचाराचाच भाग आहे, हे त्यांना समजावून सांगितल्यास त्यांची चिंता बरीच हलकी होईल.